विधी महाविद्यालयात नवे प्राध्यापक घ्यायचेत: मुलाखतीत नेमकं काय बघावं?

बिंदुसराकाठ
रामराम मंडळी.

जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयाच्या विकास समितीवर मी आहे. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही. सहायक प्राध्यापकांच्या तीन जागा भरायच्यात. बिंदूनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची त्याचा तक्ता) मागासवर्ग कक्षाकडून तपासून आली, जाहिरात निघाली, आता अर्जांचा गठ्ठा प्राचार्यांच्या टेबलावर आहे. निवड समितीत मी नाही, तिथं विद्यापीठाचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ, सहसंचालक कार्यालयाचा माणूस आणि संस्थेचे अध्यक्ष बसतात. पण प्राचार्य म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही रोज कोर्टात असता, आमच्या पोरांना काय येत नाही ते तुम्हाला दिसतं. मुलाखतीत काय बघावं ते जरा लिहून द्या."

अर्ज चाळले. सगळे एलएल.एम., सेट-नेट झालेले, बऱ्याच जणांची पीएच.डी. पण आहे. शोधनिबंधांच्या याद्या तर दोन-दोन पानी. कागदावर कुणात खोट नाही आणि म्हणूनच काही कळेना.

माझं मत आधीच सांगतो. दिवाणी दाव्याची फाईल उघडून कैफियत कुठली, मुद्दे कुठले, निशाणी कशाला म्हणतात हे ज्याला पोरांना दाखवता येत नाही, त्यानं कितीही छापलेलं असो, घेऊ नये. सरळ कोर्टातले वकील घ्यावेत. तुम्हाला काय वाटतं?

तासिका मास्तर
आधी आकडा सांगा, मग मुलाखतीचं बोलू.

सेलूकर
पहिल्याच प्रतिसादात धागा निकाली. आता अपील कुठं करायचं?

बिंदुसराकाठ
@तासिका मास्तर, पैसे घेऊन जागा भरतात, हा तुमचा रोख कळला. आमच्याकडं यावेळी तसं होऊ नये म्हणून तर विचारतोय. मी समितीवर असेपर्यंत तरी ओरडणार.

कायद्याची मास्तरीण
वकीलसाहेब, "सरळ वकील घ्यावेत" हे बोलायला सोपं आहे. कोण येणार? बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. पूर्णवेळ प्राध्यापक व्हायचं तर वकिलीची सनद स्थगित करावी लागते. ज्याची प्रॅक्टिस खरोखर चालते तो कशाला स्थगित करेल? आणि ज्याची चालत नाही त्यालाच तुम्ही "कोर्टातला माणूस" म्हणून घेणार?

दुसरं, पात्रता. 2018 च्या यूजीसी नियमांत पदव्युत्तरला 55 टक्के, राखीव प्रवर्गाला 5 टक्क्यांची सूट, आणि नेट किंवा सेट. मधल्या काळात पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून सगळे घाबरले होते, पण 2023 च्या जूनअखेरीस यूजीसीनं सहायक प्राध्यापकासाठी ती ऐच्छिक केली. वीस वर्षं कोर्टात घालवलेल्या वकिलाकडं एलएल.एम. क्वचित असतं, सेट त्याहून क्वचित. म्हणजे तुमचा आवडता उमेदवार छाननीतच बाद.

मी मागच्या काही वर्षांपासून शिकवते. सनद कपाटात आहे. शिकवणं हे वेगळं काम आहे, हे वकिलांना कुणीतरी एकदा सांगायला हवं.

गोदाकाठ
मास्तरीणबाई, एक वाट आहे. 1979 चे नियम आहेत, वकिलांनी विधी शिक्षण देण्याबाबतचे. दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवलं तर सनद ठेवून शिकवता येतं. नांदेडला आमच्या वेळी असे वकील यायचे. पुरावा कायदा शिकवायला एक नामांकित फौजदारी वकील होते. उलटतपासणीचे किस्से असे रंगवायचे की दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीत उभी राहायची. आणि पेपरला? गृहीतकं म्हणजे काय हे वर्षभर वर्गात कधी निघालंच नाही. खून खटल्यातला साक्षीदार कसा फुटला ते मात्र आजही पाठ आहे.

तारीख लांबली की तास रद्द. नोटीस बोर्डावर शिपाई खडूनं लिहायचा, "वकीलसाहेब खंडपीठात."

सेलूकर
मी पण खिडकीतलाच. पास झालो, पण गाईडावर.

बिंदुसराकाठ
पूर्णवेळ नाही तर नाही, पण मसुदा लेखन, मूट कोर्ट (सरावाचा खोटा खटला), व्यावसायिक नीतिमत्ता हे पेपर तरी वकिलांच्या मदतीनं शिकवावेत असं बार कौन्सिलच्याच 2008 च्या नियमांत आहे ना? आमच्याकडं ते पेपर कोण शिकवतं माहितीय? ज्याच्या वाट्याला तास कमी आलेत तो. पोरं दुसऱ्याची जर्नल उतरवून काढतात, दाव्यातल्या पक्षकारांची नावंसुद्धा बदलत नाहीत. एका वर्षी सगळ्या वर्गाचा वादी एकच होता.

तासिका मास्तर
आता गंभीरपणे लिहितो, आकड्याची गंमत बाजूला.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. पदवीच्या तासाला 900 रुपये, आठवड्याला नऊ तासांची मर्यादा. ते बिलसुद्धा महिन्याच्या महिन्याला निघत नाही. त्यात लॉची गंमत वेगळी. 2016 पासून प्रवेश सीईटीनं होतात, फेऱ्या दिवाळीच्या पुढं जातात, पहिल्या वर्षाचा वर्ग भरतो तेव्हा थंडी पडलेली असते. वर्ग नाही तर तास नाहीत, तास नाहीत तर पैसे नाहीत. उन्हाळ्यात परत खंड. जून उजाडला की मी मेहुण्याच्या कृषी सेवा केंद्रात सोयाबीनच्या बॅगा मोजतो. गेल्या वर्षी एक विद्यार्थीच बियाणं घ्यायला आला. "सर, तुम्ही इथं?" म्हणाला. म्हणलं, हो, करार कायद्याचं प्रात्यक्षिक चालू आहे.

पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700. वर महागाई भत्ता. तोच वर्ग, तोच पेपर, तीच पोरं. तर तुम्ही मुलाखतीत काय बघावं विचारताय, माझं म्हणणं एवढंच की जे माणसं आधीच शिकवतायत त्यांच्या वर्गात एकदा जाऊन बसा. त्यांची मुलाखत रोज चालूच असते.

अंबडचा अडाणी
मास्तर, दुकानाचा पत्ता टाका. बियाणं उधारीवर मिळतंय का?

तासिका मास्तर
करारनाम्यावर सही केली तर मिळंल. मसुदा मीच लिहीन, त्याचे 900 वेगळे.

जुना खंडपीठवाला
या पगाराच्या विषयावर एक निकाल आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध मनुभाई वशी, सर्वोच्च न्यायालय, 1995. कला, वाणिज्य, विज्ञानला अनुदान आणि खासगी विधी महाविद्यालयांना नाही, हा भेदभाव आहे असं कोर्टानं म्हटलं. आधार अनुच्छेद 21 आणि 39-अ चा. गरिबाला मोफत विधी सहाय्य द्यायचं तर चांगले वकील हवेत, चांगले वकील हवेत तर चांगली महाविद्यालयं हवीत, आणि ती पैशावाचून चालत नाहीत, असा तो सगळा युक्तिवाद. त्याच निकालानं शिक्षकांच्या निवृत्तीलाभाचा प्रश्न पण मार्गी लागला.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नंतर निघालेली पुष्कळ कॉलेजं विनाअनुदानितच, आणि अनुदानितांमध्ये जागा रिकाम्या. 2017 मध्ये भरतीला बंदी, 2018 मध्ये थोडी उघडली, मग परत अडली, 2021 मध्ये राज्यभरातल्या सगळ्या विषयांच्या मिळून 2088 जागांना मंजुरी. त्यात लॉच्या वाट्याला किती येणार?

तासिका मास्तर
हाच निकाल मी पहिल्या वर्षाला 39-अ खाली शिकवतो. तासाला 900 घेऊन.

खासरापत्रक
एवढा वेळ वाचत होतो. वकील की प्राध्यापक, हा वाद मला बाजूचा वाटतो. मला विचाराल तर प्रश्न असाय: त्याला इथला कायदा येतो का?

मी महसूल खात्यात होतो, आता निवृत्त. आपल्याकडचं, म्हणजे मराठवाड्यातलं, कुळाचं प्रकरण पुण्याकडच्या पुस्तकावर चालत नाही. तिकडं 1948 चा मुंबई कायदा, कृषक दिन 1 एप्रिल 1957, कलम 32-ग ची किंमत ठरवणं. विदर्भाला 1958 चा तिसराच कायदा. आणि आपल्याला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. इथं संरक्षित कूळ आहे, कूळ मालक झाल्याचं 38-ई चं प्रमाणपत्र आहे, विक्रीला आधी परवानगी घ्यायची 50-ब ची अट आहे. तिकडचं 43 आणि आपलं 50-ब हे एकाच कामाचं, पण अर्जावर 43 लिहून आणलं तर तहसीलचा कारकूनही परत पाठवतो. नवा वकील मग चिडतो, म्हणतो कॉलेजात हेच शिकवलं.

इनामाचं तर बोलूच नका. मदतमाश आणि खिदमतमाश यातला फरक किती एलएल.एम.वाल्यांना सांगता येईल? पहिलं माणसाच्या उदरनिर्वाहाला दिलेलं, दुसरं मशिदीच्या नाहीतर मंदिराच्या सेवेला. 1954 च्या इनाम रद्द कायद्यात दोघांचं नशीब वेगळं. सेवेची जमीन खाजगी म्हणून विकली गेली की पुढच्या दोन पिढ्या कोर्टात. मुंतखब (इनामाचा जुना दाखला) उर्दूत, खासरा पत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदीचं) 1954 चं, सातबारावर भलतंच नाव. मराठवाड्यातल्या तालुका कोर्टात निम्मं काम या कागदांभोवती फिरतं असं मला नोकरीत दिसलं.

तर मुलाखतीत उमेदवारापुढं एक जुना फेरफार आणि सातबारा ठेवा. म्हणावं, हे दुसऱ्या वर्षाच्या पोराला समजावून सांगा. पाच मिनिटांत सगळं कळतं.

पुणेरी पाहुणा
रोचक. पण हे जरा जास्तच स्थानिक होत नाही का? विद्यार्थ्यांना दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराची परीक्षा द्यायची असते. त्यात मुंतखब येत नाही.

खासरापत्रक
परीक्षेत येत नाही. न्यायाधीश होऊन गेवराईला बदली झाली की येतं.

सेलूकर
😂 पाहुण्याला चहा पाजा कुणीतरी.

कायद्याची मास्तरीण
पाहुण्यांचा मुद्दा उडवून लावू नका, पालक पण हेच विचारतात. फक्त एक बदललंय. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीश परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे कॉलेजातून थेट परीक्षा, हे संपलं. पोरांना तीन वर्षं कुठल्यातरी कोर्टात उभं राहायचंच आहे, आणि बहुतेकांसाठी ते कोर्ट आपल्याच तालुक्याचं असणार.

खासरापत्रककाकांचा फेरफार मला आवडला. शिक्षकाची परीक्षा म्हणून आवडला. त्यात कायदा पण आहे आणि समजावणं पण.

तिसऱ्या वर्षाची
मी सध्या शिकते, म्हणून आमच्या बाजूनं लिहिते. आमच्या वर्गात एक तलाठी दादा, दोन पोलीस, एक अंगणवाडीच्या मॅडम आणि आम्ही थोडी कॉलेजवाली पोरं. हजेरी 70 टक्के लागते म्हणतात, ती कागदावर सगळ्यांची असते. आम्हाला सर कसे हवेत? आधी येणारे हवेत. मग मराठीत समजावणारे. पेपर आम्ही मराठीत लिहितो, पण निकाल इंग्रजीत वाचावे लागतात. जे सर निकालाचा एक परिच्छेद फळ्यावर इंग्रजीत लिहून मराठीत फोडतात, त्यांच्या तासाला बाकीच्या वर्गांची पोरं पण येतात.

आणि जुन्या नोट्स नकोत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आमच्या एका सरांनी भादंविच्या पिवळ्या पडलेल्या वह्यांवर पेन्सिलनं नुसते आकडे बदलले. खुनाचं 302 खोडून 103. मध्ये संघटित गुन्हेगारीचं नवीन कलम आलंय ते त्या वहीत नाहीच, कारण जुन्या कायद्यात ते नव्हतं.

अंबडचा अडाणी
ते 420 चं काय झालं? आता लबाड माणसाला काय म्हणायचं?

गोदाकाठ
318 (4).

अंबडचा अडाणी
"तो माणूस एक नंबरचा तीनशे अठरा कंसात चार आहे." जमंना राव. शिवी गेली वाया.

खंडपीठाजवळचा
ताई, तुमच्या पेन्सिलवाल्या सरांना आमच्याकडं पाठवू नका, आमच्याकडं आधीच आहेत.

संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ 2017 ला सुरू झालं. तिथं शिक्षक देशभरातून येतात, पोरं क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. चांगलं काम चाललंय, पण त्याचं वारं जिल्ह्याच्या कॉलेजांना लागलेलं नाही. आपले प्राध्यापक तिथं जाऊन वर्षातून आठवडाभर बसले, किंवा तिथली पोरं गावात विधी सहाय्य शिबिराला आली, तर दोघांचं भलं होईल. उच्च न्यायालयाचं खंडपीठ 1981 पासून इथं आहे. मुंबईला न जाता रिट दाखल करता येतं, याचा फायदा वकिलांना झाला. शिकवणाऱ्यांना किती झाला?

ऊसफड
वकिलांनी आणि महसूलवाल्यांनी बोलून घेतलं, आता जरा संशोधनाची बाजू. धाग्याच्या पहिल्या पोस्टीत शोधनिबंधांची हेटाळणी आहे ती मला खटकली. मान्य, विकत छापलेले पेपर ढिगानं आहेत. पण चांगलं संशोधनही असतं, आणि ते इथल्याच मातीतलं असतं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी माणसं ऊस तोडायला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतात. ती उचल म्हणजे काय? कर्ज, आगाऊ मजुरी, की वेठबिगारीचा पुरावा? 1976 चा वेठबिगारी कायदा लागतो का? कर्नाटकात गेला तर 2025 पर्यंत आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, 1979 लागायला हवा होता, आता त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, पण मालक कोण, मुकादम की कारखाना? फडावर बाई जखमी झाली तर भरपाई कुणाकडं मागायची?

हे ज्यानं पीएच.डी.साठी फडावर बसून विचारलंय, तो माणूस तुमच्या वकिलाइतकाच मोलाचा आहे. मुलाखतीत प्रबंधाचं शीर्षक वाचून पुढं जाऊ नका. विचारा, कुणाला भेटलात, कुठले कागद बघितले. ज्यानं गुगलवरून केलंय तो तिथंच अडखळतो.

बिंदुसराकाठ
@ऊसफड, हे पटलं. आमच्या कोर्टात मुकादमांनी उचलीपोटी घेतलेल्या चेकांची 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, प्रकरणं ढिगानं आहेत. कामगार आरोपी म्हणून उभा असतो आणि त्याच्या वकिलाला वेठबिगारी कायदा आठवत नाही.

जुना खंडपीठवाला
मुलाखत प्रत्यक्षात कशी होते ते पण बोला. मी विषयतज्ज्ञांच्या बाजूला बसलोय. सकाळी दहाची वेळ, तज्ज्ञ गाडीतून उतरतात साडेबाराला. मग जेवण. मग एकेका उमेदवाराला आठ-दहा मिनिटं. "तुमच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक कोण?" हा पहिला प्रश्न, आणि कधीकधी शेवटचा पण.

गंमत अशी की 2018 च्या यूजीसी नियमांत पदवी, नेट, पीएच.डी., निबंध यांचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड निव्वळ मुलाखतीवर. म्हणजे सगळा खेळ त्या आठ मिनिटांचा. तेच नियम असंही म्हणतात की मुलाखतीच्या टप्प्यावर वर्गातल्यासारखं व्याख्यान घेऊन शिकवण्याची क्षमता तपासता येते. ते मी फार थोड्या ठिकाणी होताना पाहिलं.

सेलूकर
जेवणाचा बेत काय असतो? त्यावरनं निकाल सांगता येईल.

जुना खंडपीठवाला
नानखलिया असला तर निकाल आधीच ठरलेला समजावा.

तपासणी
एक कडवट गोष्ट राहिली. बार कौन्सिलच्या नियमांत पूर्णवेळ शिक्षकांची किमान संख्या दिलेली आहे. तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा असे दोन्ही अभ्यासक्रम असतील तर पहिल्या वर्षी सहा, मग आठ, मग दहा. एका वर्गात साठच्या वर पोरं नाहीत. तपासणीच्या दिवशी हे सगळं पूर्ण असतं. एका कॉलेजात त्या दिवशी मला माझाच जुना वर्गमित्र "पूर्णवेळ प्राध्यापक" म्हणून भेटला. तो दुसऱ्या जिल्ह्यात नोटरी आहे. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही.

तीन जागा खरोखर भरताय, हेच मोठं आहे. भरा.

बिंदुसराकाठ
सगळ्यांचे आभार. प्राचार्यांना देण्यासाठी मसुदा करतोय तो असा: प्रत्येक उमेदवारानं दुसऱ्या वर्षाच्या वर्गापुढं वीस मिनिटं शिकवायचं, मराठीत. विषय आदल्या दिवशी सगळ्यांना एकच द्यायचा, आणि सोबत खासरापत्रककाकांनी सांगितल्याप्रमाणे सातबारा आणि फेरफार, नावं झाकून. पोरांनी प्रश्न विचारायचे, समितीनं मागच्या बाकावर बसायचं. मग आत मुलाखतीत प्रबंधाबद्दल ऊसफड म्हणाले तसे प्रश्न. संहितेतलं एक तरी नवीन कलम विचारायचं, पेन्सिलवाले ओळखायला. वकिलीच्या अनुभवाबद्दल माझा आग्रह मी सोडलेला नाही, पण तो मसुदा लेखन आणि मूट कोर्टच्या पेपरला 1979 च्या नियमाखाली दोन स्थानिक वकील नेमून भागवू, असं सुचवतोय. त्यांना तारखा कमी असलेला शनिवार द्यायचा.

कायद्याची मास्तरीण
छान आहे, पण वकीलसाहेब, एक जपा. हे व्याख्यान जाहिरातीत होतं का? नसेल तर उद्या नाकारलेला उमेदवार खंडपीठात जाईल. तेजप्रकाश पाठक प्रकरणात घटनापीठानं 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलंय, भरती सुरू झाल्यावर खेळाचे नियम मध्येच बदलता येत नाहीत. निवडीची पद्धत मूळ नियमांच्या विरोधात नसावी, पारदर्शक असावी, मनमानी नसावी. यूजीसी नियमात व्याख्यानाची मुभा आहे, तेवढा आधार आहे. तरी गुण कसे देणार ते आधी ठरवा, समितीचा ठराव घ्या आणि मुलाखतीच्या पत्रातच सगळ्यांना सारखं कळवा. विद्यापीठाच्या प्रतिनिधींना पण आधी लेखी द्या, नाहीतर ते त्या दिवशी म्हणतील आम्हाला माहीतच नव्हतं.

बिंदुसराकाठ
जाहिरातीत फक्त "मुलाखत" आहे. ठराव सोमवारच्या बैठकीत मांडतो. पत्रं अजून गेलेली नाहीत, तोवर प्राचार्यांना थांबवतो.

तासिका मास्तर
पत्रं गेली नाहीत म्हणता? मग एवढंच सांगा, जाहिरात मागच्या महिन्यात आलेली तीच का? त्यात एक जागा माझ्या प्रवर्गाची होती आणि मी अर्ज टाकलाय.

बिंदुसराकाठ
आता या धाग्यावर मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही मास्तर. तुम्हीही मला निरोप पाठवू नका.

सेलूकर
50-ब वाचून ठेवा मास्तर.